दादर ते भायखळा : खिडकीतून दिसणाऱ्या मुंबईचा इतिहास

अंबरनाथहून सुटणारी जलद लोकल मला थेट मुंबईला पोहोचवते. तरीही गेली कित्येक वर्षे मी दादरला उतरतो आणि मागून येणारी धीमी गाडी पकडतो. कार्यालयातले सहकारी हसतात. दहा मिनिटे वाचवण्यासाठी माणसे रूळ ओलांडून जिवावर उदार होतात आणि हा गृहस्थ ती स्वतःहून घालवतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे चुकत नाही. पण दादरला धीम्या गाडीचा डबा बराचसा रिकामा होतो, खिडकी मिळते आणि दादर ते भायखळा हा प्रवास डोळे भरून करता येतो. परळ, करी रोड, चिंचपोकळी अशी मधे तीनच स्थानके. गाडी मुंबईच्या दिशेने जात असली की मी उजव्या हाताची खिडकी धरतो. सकाळचे ऊन मागच्या बाजूने येत असते आणि लोअर परळ, वरळीकडचे काचेचे मनोरे एकामागून एक उजळत जातात. पावसाळ्यात त्यांचे वरचे मजले ढगांत गेलेले असतात. हल्ली ज्याला स्कायलाइन म्हणतात, ती शहराची आकाशात उमटलेली रेघ मुंबईत इतक्या जवळून आणि लोकलच्या पासात दिसणारी जागा दुसरी क्वचितच असेल.

मागच्या वर्षी परळला एक विशी-बाविशीचा मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, जरा मागे होता का? फोटो काढायचाय." मी मागे झालो. त्याने दोन-तीन फोटो काढले आणि विचारले, "मस्त व्ह्यू आहे ना? आधी काय होतं हो इथे?" मी म्हणालो, "गिरण्या." तो म्हणाला, "हां, मिल. ते माहितीये. पण दिसायचं काय?" मी सुरुवात करेपर्यंत चिंचपोकळी आले आणि तो उतरून गेला.

प्रश्न साधा होता, पण माझ्या मनातून गेला नाही. गिरण्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. भांडवल, संप, चाळी, खानावळी, लाल बावटा या सगळ्यांवर थोरांनी लिहिले आहे. रोजच्या प्रवाशाला गाडीतून काय दिसत होते, हे मात्र कोणी वेगळे काढून पाहिलेले माझ्या वाचनात आले नाही. मी काही विद्यापीठातला संशोधक नव्हे. शनिवारी काम लवकर संपले की दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी गाठायची, जुनी गॅझेटियरे, नकाशे, छायाचित्रे चाळायची आणि वहीत टिपणे करायची, एवढीच माझी पद्धत. त्या टिपणांतून त्या मुलाला दिलेले हे उशिराचे उत्तर.

समुद्रावरून दिसणारे शहर

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईचे संपूर्ण चित्र दिसायचे ते जहाजातून किंवा टेकडीवरून. जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मुंबई व परिसराची बारा दृश्ये काढली. ती पाहिली की पाहणारा कुठे उभा आहे हे लगेच कळते. तो उंचावर आहे आणि समोर बंदर, बेटे, गलबते आहेत. शहराची रेघ तेव्हा बुटकी होती. किल्ल्याचा तट, सेंट थॉमस चर्चचा मनोरा, जहाजांच्या डोलकाठ्या आणि या सगळ्यांपेक्षा दाट असलेली माडांची राई. शहरात राहणाऱ्या साध्या माणसाला हे चित्र दिसत नसे. त्याच्या वाट्याला गल्ली आणि समोरच्या घराची भिंत यायची.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि तीन इंजिने. ही माहिती शाळेतल्या मुलालाही असते. मला त्यात महत्त्वाची वाटते ती खिडकी. माणूस बसलेला आहे आणि शहर त्याच्या डोळ्यांसमोरून सरकते आहे, असा अनुभव मुंबईकराला प्रथमच आला. त्या दिवशीच्या पाहुण्यांना भायखळ्याच्या पुढे वाड्या, माड, भाताची खाचरे आणि शीवच्या बाजूला मिठागरे व खाडी दिसली असणार. उंच असे काही असेल तर शीवच्या टेकडीवरचा किल्ला. परळच्या आसपास आकाश मोकळे होते.

फक्त एका वर्षाने, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी उभी केली. १८५६ मध्ये तिथे सूत निघू लागले. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ चे. मराठीत एका शहरावर लिहिलेले ते पहिले मोठे पुस्तक. माडगावकर लिहीत होते त्या काळात किल्ल्याचा तट पाडण्याचे काम सुरू होत होते, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले होते आणि शहर उत्तरेकडे सरकायला लागले होते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईच्या आकाशात दोन तऱ्हेच्या उंच गोष्टी उभ्या राहिल्या. दक्षिणेला घड्याळे, घुमट आणि मनोरे. उत्तरेला चिमण्या.

मनोरे आणि चिमण्या

दक्षिणेकडचे मनोरे सर्वांना ठाऊक आहेत. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने आईच्या नावे त्यासाठी देणगी दिली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलेले व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ पर्यंत उभे राहिले आणि समोर त्यानेच आखलेली महापालिकेची इमारत १८९३ मध्ये. मात्र गाडीतल्या प्रवाशाला त्या प्रसिद्ध घुमटाचा फारसा उपयोग नाही. गाडी छपराखाली शिरते आणि घुमट पाहायचा तर स्थानकातून बाहेर पडून, रस्ता ओलांडून, मागे वळून पाहावे लागते. तो रस्त्यावरच्या माणसासाठी होता.

गाडीतल्या माणसाला दिसत होत्या त्या चिमण्या. गिरण्या रुळांच्या जवळ आल्या त्याला कारणे होती. कापूस आणि कोळसा आणायचा, सूत आणि कापड न्यायचे, तर रेल्वे हाताशी हवी. जुन्या वस्तीच्या उत्तरेला जमीन स्वस्त होती. बॉयलरला पाणी लागते म्हणून आवारात तलाव खोदायला जागाही होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या. त्यांतल्या बहुतेक ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, दादर या पट्ट्यात. म्हणजे दोन्ही रेल्वेमार्गांच्या खिडक्यांसमोर.

चिमणी उंच का, हेही सांगायला हवे. ती शोभेसाठी नव्हती. बॉयलरखालचा कोळसा नीट जळायचा तर भट्टीतून हवा जोराने ओढली जावी लागते. गरम हवा हलकी असते. ती उंच नळीतून वर चढली की खालून ताजी हवा आत येते. नळी जितकी उंच तितकी ओढ जास्त. शिवाय धूर वस्तीच्या वरून जावा हाही हेतू. विणकामाच्या शेड बैठ्या असायच्या. त्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी, आणि दात्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड केलेल्या, म्हणजे दिवसभर ऊन न येता सारखा उजेड मिळावा. त्या बैठ्या छपरांच्या आणि तीन-चार मजली चाळींच्या वर चिमणी एकटी उभी दिसे. पुढे टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये वीज आली आणि गिरण्या तिच्या पहिल्या मोठ्या ग्राहक झाल्या. इंजिने गेली, मोटारी आल्या. पण खळ द्यायला, रंगवायला, धुवायला वाफ लागतच होती. म्हणून बॉयलर राहिले आणि धूरही राहिला. तो इतका होता की सरकारला १९१२ मध्ये मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

गाडीही धुराचीच होती. कोळशाच्या इंजिनामागे बसलेला माणूस खिडकीतून डोके बाहेर काढी तेव्हा डोळ्यांत कण जाई. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेची लोकल धावली आणि १९२९ पर्यंत कल्याणपर्यंतच्या मुख्य मार्गावर वीज आली. आज आपण खिडकीत बसून जे दृश्य निवांत पाहतो, तो निवांतपणा त्या विजेमुळे आला. प्रवाशाच्या गाडीचा धूर थांबला, समोरच्या चिमण्यांचा चालू राहिला.

बघणारे आणि बघितले जाणारे

इथे माझ्या टिपणांतली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा खुणावते. हे दृश्य रोज कोण पाहत होते? गिरणी कामगार नव्हे. तो गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होता. भोंगा झाला की दहा-पंधरा मिनिटांत दारावर हजर व्हायचे, तर दुसरा उपायच नव्हता. गाडी त्याला लागायची ती गणपती-शिमग्याला गावाकडे जाताना किंवा नातेवाइकांकडे.

रोज गाडीने जाणारा होता तो कारकून, शिक्षक, दुकानातला गुमास्ता. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या योजनांतून दादर-माटुंग्याची आखीव वस्ती उभी राहिली. तिथला मध्यमवर्ग सकाळी डबा घेऊन फोर्टात जाऊ लागला. त्याच्या खिडकीसमोरून परळ-लालबाग रोज दोनदा जात होते. एकाच शहरातले दोन मराठी समाज, एक डब्यात आणि दुसरा त्या धुराखाली, दिवसातून दोनदा एकमेकांच्या इतके जवळ येत आणि दूर जात. प्रवाशाला कामगाराचा चेहरा दिसत नव्हता. त्याची खूण एकच दिसत होती, ती म्हणजे धूर.

धूर ही कामगाराची खूण होती असे मी म्हणतो, ते धूर नसलेल्या दिवसांवरून.

पहिला दिवस रविवारचा. आपल्याला वाटते रविवारची सुट्टी ही निसर्गनियमासारखी आलेली आहे. गिरणीत ती नव्हती. 'दीनबंधू'चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून, हजारो सह्या गोळा करून आठवड्यातून एक दिवस सुट्टीची मागणी मांडली. सहा वर्षे ती मागणी चालली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्यानंतर रविवारी गाडीने जाणाऱ्याला परळचे आकाश इतर दिवसांपेक्षा स्वच्छ दिसले असणार. ते स्वच्छ आकाश हवामानाचे नव्हते, लोखंडे आणि त्यांच्या कामगारांनी मिळवलेले होते.

दुसरे दिवस जुलै १९०८ चे. लोकमान्य टिळकांना २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले. शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस, असा सहा दिवसांचा तो संप सांगितला जातो. लष्कर रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्या आठवड्यात गाडीच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाला वर्तमानपत्र उघडण्याआधी चिमण्यांकडे पाहून बातमी कळली असेल, अशी माझी कल्पना आहे. कल्पना म्हणूनच ती इथे नोंदवतो.

तिसरे दिवस १९२८ चे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सहा महिने गिरण्या बंद होत्या. त्याच संपात डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची गिरणी कामगार युनियन जन्माला आली. एक अख्खा पावसाळा लालबाग-परळच्या आकाशात फक्त ढग होते.

आणि चौथे, १८ जानेवारी १९८२ पासूनचे. ते मी स्वतः पाहिले आहेत.

गॅलरीतून

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात होते. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीच्या टोकाला उभे राहिले की त्यांच्या गिरणीची चिमणी दिसे. संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, पण घरात सुरुवातीला सणासारखे वातावरण होते. वडील दिवसा घरी, हे आम्ही पोरांनी कधी पाहिले नव्हते. पहिले काही आठवडे ते आम्हाला चिमण्या दाखवून गिरण्यांची नावे सांगत. कुठली सरळ, कुठली खाली रुंद आणि वर निमुळती, कुठलीच्या गळ्यात विटांची नक्षी. ऐन कामाच्या दिवसांत त्यांनी त्या इतक्या निवांत पाहिल्या नसाव्यात.

मग महिने गेले. आईची भांडी एकेक करून गेली. वडील रोज उठल्यावर दात घासत गॅलरीच्या टोकाला जात आणि वर पाहत. एका सकाळी ते तिथेच उभे राहिले. चिमणीतून बारीक धूर येत होता. आईने विचारले, "काय झालं ओ?" ते म्हणाले, "बॉयलर पेटलाय. म्हणजे आत कोणीतरी गेलंय." एवढेच. त्यानंतर ते गॅलरीत दात घासायला गेले नाहीत, मोरीतच घासू लागले.

तो संप कोणी अधिकृतपणे मागे घेतला नाही. काही गिरण्या कमी माणसांत सुरू झाल्या, काही कधीच झाल्या नाहीत. वडिलांना परत बोलावणे आले नाही. ते काही वर्षे गावी गेले, मग आम्ही खोली सोडून अंबरनाथला आलो. पुढे मी नोकरीला लागलो आणि रोज गाडीत बसू लागलो. म्हणजे धुराखालच्या घरातून मी खिडकीत आलो. आमच्यासारखी हजारो घरे तशीच आली. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, नालासोपारा, विरारहून येणाऱ्या गर्दीत गिरणगावाची किती मुले-नातवंडे आहेत, हे डब्यात दोन शब्द बोलले की कळते.

आडवे शहर उभे कसे झाले

आता त्या मुलाच्या प्रश्नाचा दुसरा भाग. चिमण्या गेल्या आणि मनोरे आले, हे आपोआप झाले नाही. कायद्याच्या एका कलमाने झाले.

बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनी मुंबईत सुमारे सहाशे एकर होत्या, अठ्ठावन्न गिरण्यांच्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ठरवले की गिरणीची जमीन दुसऱ्या वापरासाठी खुली करायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हावेत. एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, असा अर्थ लागू झाला. गिरणीच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी शेड असतात, मोकळी जागा थोडी. साहजिकच शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला थोडे आले. या बदलाविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपने याचिका केली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती उचलून धरली, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. माझ्या खिडकीतून आज जे मनोरे दिसतात, त्यांतले कितीतरी त्या निकालानंतरचे.

जमिनीचा मोठा भाग एकाच हातात राहिला, बांधकामाचा हक्क भरपूर मिळाला आणि शेजारी चाळींचे दाट जाळे, म्हणजे पसरायला जागा नाही. अशा वेळी इमारत वरच जाते. करी रोडच्या आसपास उजवीकडे दिसणारा वर्ल्ड वन हा मनोरा श्रीनिवास मिलच्या जागेवर आहे. त्याची उंची २८० मीटर. राजाबाई टॉवर २८० फूट. आकडा तोच, माप बदलले. कापसाच्या पैशाने मुंबईने उभा केलेला सर्वांत देखणा मनोरा आणि कापडाच्या जमिनीवर उभा राहिलेला हा मनोरा यांच्यामध्ये एकशे चाळीसच्या आसपास वर्षे आहेत. त्या वर्षांत गिरण्या आल्या आणि गेल्याही.

मला या मनोऱ्यांचा राग येतो का? पूर्वी येत असे. आता प्रामाणिकपणे सांगायचे तर ते मला सुंदर दिसतात. नोव्हेंबरच्या सकाळी धुके वर चढत असताना त्यांच्या काचा तांबूस होतात, तेव्हा मी वही मिटून नुसता पाहत बसतो. आणि धुराचे तरी कौतुक काय करावे? वडिलांचा खोकला आम्ही शेवटपर्यंत ऐकला. त्यात कापसाची तूस किती आणि चिमणीचा धूर किती, हे कोण सांगणार?

पण बघणाऱ्याने एक हिशेब मात्र ठेवावा, असे मला वाटते. चिमणीखाली काम करणारा माणूस चालत येत होता. मनोऱ्यात काम करणारा माणूस गाडीने येतो. गिरणगावातली स्थानके आणि पूल चालत येणाऱ्या शहरासाठी आखलेले होते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि तेवीस माणसे गेली. मुख्य मार्गावरचे परळ आणि ते एल्फिन्स्टन रोड यांना जोडणारा तो पूल. कामावर निघालेली माणसे होती ती. नंतर लष्कराने तिथे आणि करी रोडला नवे पूल बांधले. स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. आकाशातली रेघ वाढत होती, तेव्हा जमिनीवरच्या पुलाची रुंदी कोणी पाहिली नव्हती. आजही गाडी परळ सोडते तेव्हा मी मनोऱ्यांच्या आधी त्या पुलाच्या बाजूला पाहतो.

दुसरा हिशेब घरांचा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. २०१२ मध्ये म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली. पुढे पनवेलजवळच्या कोनची घरे आली आणि अलीकडे शेलू-वांगणीच्या योजनेची चर्चा झाली. घरे मुंबईतच द्या, म्हणून कामगार व वारस जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमले होते. शेलू आणि वांगणी ही बदलापूरच्या पुढची, कर्जतच्या वाटेवरची स्थानके. म्हणजे ज्याच्या वडिलांना गिरणीत पोहोचायला दहा मिनिटे लागत, त्याने त्याच जागेवरच्या मनोऱ्यात काम करायला दोन तास गाडीने यायचे. त्याला खिडकी मिळाली तर दृश्य मात्र छान दिसेल.

काय शिल्लक आहे

चिमण्या सगळ्या गेलेल्या नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला, पण तिथली चिमणी राखली आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. मनोऱ्यांच्या फटींतून अजून एखादी चिमणी दिसते, पण ती कुठे आहे हे माहीत असावे लागते. मी वहीत त्यांची नोंद ठेवतो. कुठल्या स्थानकानंतर, कुठल्या बाजूला, कुठल्या इमारतीच्या मागे. दर दोन-तीन वर्षांनी एखादी नोंद खोडावी लागते.

वडील जाण्याआधी वर्षभर त्यांना तपासणीसाठी मी परळच्या रुग्णालयात नेत असे. एकदा परतताना म्हणाले, "उलट्या दिशेने जाऊया जरा. भायखळ्यापर्यंत." आम्ही मुंबईकडे जाणारी धीमी गाडी धरली. दुपारची वेळ, डबा रिकामा. मी त्यांना उजवीकडची खिडकी देऊ लागलो, तर ते डावीकडे, लालबागच्या बाजूला जाऊन बसले. मनोरे त्यांनी पाहिले, "किती माळे असतील रे?" असेही विचारले. मग करी रोड गेल्यावर बोट दाखवून म्हणाले, "ती बघ. ती अजून आहे." मला दिसेपर्यंत मधे इमारत आली. परतीच्या गाडीत मी आधीपासून नजर लावून बसलो, तेव्हा दिसली. त्यांच्या गिरणीची नव्हती, शेजारच्या गिरणीची होती. विटांची नक्षी शाबूत होती आणि टोकावर पिंपळाचे रोप उगवले होते.

माझ्या वहीत ती नोंद अजून खोडलेली नाही. तो फोटो काढणारा मुलगा पुन्हा भेटला, तर मनोऱ्यांचे फोटो त्याने जरूर काढावेत. फक्त चिंचपोकळी येण्याआधी अर्धा मिनिट मला द्यावा आणि डावीकडच्या खिडकीशी यावे.